डॉक्टर उभं राहायला "बघू" म्हणतात: त्यातूनच टीम ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रामीण विधानसभा मतदारसंघ, पंचवीस वर्षं खाजगी दवाखाना चालवणारे डॉक्टर, कुठल्याही पक्षात नाहीत. मित्रमंडळींना मनापासून वाटतं की त्यांनी अपक्ष उभं राहावं. डॉक्टर "नको" म्हणत नाहीत आणि "हो" पण म्हणत नाहीत, "बघू" म्हणतात. निवडणूक सहा महिन्यांवर आहे. टीम कशी उभारायची, कुणाला काय काम द्यायचं आणि पगारी माणसं किती ठेवायची?

टीमची सुरुवात त्या "बघू"पासूनच करा. नाखूश उमेदवाराच्या बाबतीत नेहमी होणारी चूक म्हणजे आधी पदं वाटायची, प्रचारप्रमुख, कार्याध्यक्ष, सोशल मीडिया प्रमुख, आणि मग उमेदवाराला सगळ्यांनी मिळून गळ घालायची. अशा टीममध्ये उत्साह भरपूर असतो, पण उमेदवाराला जे जड वाटतंय ते उचलणारा एकही माणूस नसतो. मग अर्ज भरल्यावर आठव्या दिवशी उमेदवार फोन उचलेनासा होतो.

"बघू"च्या पोटात सहसा पाच-सहा वेगवेगळे नकार असतात. दवाखान्याचं काय होईल? पैसा कुठून आणायचा? घरात चालेल का? माझी मालमत्ता चारचौघांत जाईल. मला भाषण जमत नाही. आणि पडलो तर? दोन जणांनी, जास्त नको, डॉक्टरांच्या घरी जाऊन बसा. दवाखान्यात नको, तिथे ते घड्याळाकडे बघत बोलतात. वहिनी समोर असल्याच पाहिजेत, कारण अर्धे नकार त्यांचे असतात आणि ते डॉक्टरांच्या तोंडून येत नाहीत. "उभं राहणार का?" हा प्रश्न त्या दिवशी विचारूच नका. "राहिलात तर कशाचा सगळ्यात जास्त त्रास होईल?" एवढंच विचारा आणि उत्तरं वहीत लिहून घ्या. प्रत्येक उत्तरासमोर एक माणूस नेमायचा आहे. ज्या उत्तरासमोर नाव सापडत नाही, तिथे तुमची तयारी अपुरी आहे आणि डॉक्टरांचा संकोच बरोबर आहे.

पुढच्या महिन्याभरात तीन गोष्टी करून घ्या, म्हणजे होकार-नकार आपोआप कळतो. पहिली: नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र पेन्सिलीने पूर्ण भरणं. स्वतःची, पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, पाच वर्षांच्या विवरणपत्रातलं उत्पन्न, असतील ते खटले. हे सगळं नंतर आयोगाच्या संकेतस्थळावर जातं आणि गावातला कुणीही वाचतो. वैद्यकीय हलगर्जीपणाचा एखादा फौजदारी खटला प्रलंबित असेल तर तो इथेच समजला पाहिजे, कारण अशा उमेदवाराला माघारीनंतर मतदानापूर्वी तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर ती माहिती स्वतःच्या खर्चाने जाहीर करावी लागते. दुसरी: पंचवीस ओळखीच्या माणसांना डॉक्टरांनी स्वतः फोन करून पैशाची मदत मागणं. त्यांच्या वतीने दुसऱ्याने मागितलेले पैसे मोजायचे नाहीत. तिसरी: चार सकाळी, सात ते नऊ, अनोळखी वस्तीत घरोघर जाणं. या तिन्ही पार पडल्या तर माणूस उभा राहतो. दोन टाळल्या तर सन्मानाने विषय बंद करा. सहा महिने आधीचा नकार कुणाचं नुकसान करत नाही. अर्ज भरून माघार घेतली की मात्र तुमच्यामागे आलेली तीनशे पोरं पुन्हा कुणाच्या मागे येत नाहीत, आणि माघारीची नोटीस एकदा दिली की ती मागे घेता येत नाही.

उत्तरासाठी तारीख ठरवा. "निवडणूक जाहीर झाल्यावर बघू" हे चालणार नाही. २०२४ ची महाराष्ट्र विधानसभा घ्या. घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, अर्जाची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर, छाननी ३० ला, माघार ४ नोव्हेंबरपर्यंत, मतदान २० नोव्हेंबरला. जाहीर प्रचार १८ ला संध्याकाळी बंद. त्यात दिवाळी मधेच आली, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, म्हणजे अर्ज-छाननीच्या धामधुमीत निम्मे छापखाने आणि कामगार सुट्टीवर. अपक्षाला चिन्ह माघारीची वेळ संपल्यावरच मिळतं. म्हणजे चिन्ह घेऊन फिरायला मिळाले जेमतेम चौदा दिवस.

आता या चौदा दिवसांचा हिशेब मांडा. राज्यात २०२४ ला सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि १,००,१८६ मतदान केंद्रं. २८८ मतदारसंघांनी भागलं की एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजार मतदार आणि ३४८ केंद्रं येतात. घरात चार मतदार धरले तर ८४ हजार घरं. डॉक्टरांनी दिवसाला शंभर घरं केली, आणि हे फार झालं, तरी चौदा दिवसांत १,४०० घरं होतात. उमेदवाराचा वेळ ही या सगळ्यातली सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे.

म्हणून पहिली नेमणूक डायरी सांभाळणाऱ्याची. प्रचारप्रमुखाच्याही आधी. हा माणूस डॉक्टरांचा नातेवाईक नसावा, तालुक्यातला पुढारी नसावा, आणि तोंडावर "नाही जमणार" म्हणता येणारा असावा. नाखूश माणसं बहुतेक वेळा भिडस्त असतात. समोरच्याला नाही म्हणता येत नाही म्हणूनच तर ते "बघू"वर थांबलेले असतात. मग त्यांच्या वतीने नाही म्हणणारा कुणीतरी लागतो. डायरीच्या एका पानावर काय असतं ते सांगतो: सकाळी ६.३० ते ९ एका गावात पायी फेरी, ९.३० ते १२.३० दवाखाना (हा वेळ लाल शाईने, याला हात लावायचा नाही), १ ते २ जेवण आणि झोप, ३ ते ५ फोन, ५.३० ते ९ तीन गावं, प्रत्येकी चाळीस मिनिटं आणि मध्ये प्रवासाची प्रत्यक्ष मोजलेली मिनिटं. गावाचं नाव, भेटायच्या माणसाचं नाव, त्याचा फोन, कुणाच्या घरी चहा, गाडी कुठली, सोबत कोण. लग्न, बारसं, दहावं, उद्घाटन यांची यादी वेगळी, आणि त्यांतली दिवसाला दोनच. डायरी एकाच्याच हातात. दोघांच्या हातात गेली की एकाच वेळी दोन गावांत माणसं ताटकळतात आणि त्यातलं एक गाव कायमचं दुखावतं.

दवाखान्याची वेळ लाल शाईने लिहिण्यामागे कारण आहे. डॉक्टरांचं मन तिथे अडकलंय, ते मान्य करा. पर्यायी डॉक्टर किमान दोन महिन्यांसाठी ठरवा, आणि शेवटचे चौदा दिवस सोडले तर डॉक्टरांचा अर्धा दिवस त्यांचा त्यांना द्या. पण दवाखाना आणि प्रचार यांच्यामध्ये भिंत हवी. आचारसंहिता लागल्यावर मोफत तपासणी शिबिर, बिलात सूट, फुकट औषधं हे सगळं मतदाराला प्रलोभन ठरू शकतं. कंपाउंडर आणि सिस्टर दवाखान्याच्या पगारावर प्रचाराचं काम करत असतील तर तो पगार निवडणूक खर्चात मोजला जाईल. आणि रुग्णांच्या नोंदवहीतले फोन नंबर प्रचाराला वापरायचे नाहीत, कुणी कितीही आग्रह केला तरी. माणसांनी ते नंबर आजारपणात, विश्वासाने दिलेत.

डॉक्टरांचा दवाखाना खाजगी आहे म्हणून राजीनाम्याचा प्रश्न नाही. पण तुमच्या मनात पर्यायी उमेदवार म्हणून कुणी सरकारी किंवा पालिकेच्या नोकरीतली व्यक्ती असेल तर राजीनामा देऊन भागत नाही, तो मंजूर व्हावा लागतो. २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत ऋतुजा लटके यांच्या महापालिकेतल्या नोकरीच्या राजीनाम्याचा वाद उच्च न्यायालयात गेला. आदेश १३ ऑक्टोबरला झाला आणि अर्जाची शेवटची तारीख होती १४ ऑक्टोबर. त्यांच्यामागे पक्ष होता, वकील होते. तुमच्यामागे ते नसतील, तेव्हा अशा बाबतीत निदान तीन महिने हातात ठेवा.

दुसरी नेमणूक निवडणूक प्रतिनिधीची. हे कायद्यातलं पद आहे, नमुना ८ वर नेमणूक होते, आणि उमेदवाराच्या वतीने सही करायचा अधिकार त्याला मिळतो. पुष्कळ ठिकाणी हे पद मान म्हणून एखाद्या वडीलधाऱ्याला देतात. देऊ नका. इथे फॉर्म वाचणारा, पहाटे उठणारा आणि अधिकाऱ्याशी आवाज न चढवता बोलणारा माणूस हवा. निवृत्त तहसील कर्मचारी किंवा सोसायटीचा जुना सचिव बहुधा उत्तम काम करतो. सेवेत असलेला सरकारी नोकर मात्र निवडणूक, मतदान किंवा मोजणी प्रतिनिधी होऊ शकत नाही, तो गुन्हा आहे. खेड्यात हुशार आणि वेळ देणारी माणसं म्हटली की शिक्षक, ग्रामसेवक यांचीच नावं पुढे येतात, म्हणून हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. अंगणवाडी सेविका, रेशन दुकानदार यांनाही यात ओढू नका.

तिसरा हिशेबनीस. पैशाची भीती ज्याच्यामुळे कमी होते तो हा माणूस, आणि याला पगार द्या. विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख आहे. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा सगळा खर्च त्यात येतो, आणि आधी छापून ठेवलेलं पण नंतर वापरलेलं साहित्यसुद्धा. अर्जाच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडा, ते उमेदवाराच्या एकट्याच्या नावाने किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त असावं. पत्नी किंवा मुलाबरोबर संयुक्त खातं चालत नाही. अधिकाऱ्याकडून मिळणाऱ्या नोंदवहीचे तीन भाग असतात: रोजच्या खर्चाची पांढरी पानं, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. दहा हजारांच्या वरचं देणं धनादेशाने किंवा ऑनलाइन करायचं, आणि देणगीसुद्धा एकाकडून दहा हजारांपेक्षा जास्त रोख घ्यायची नाही. पक्षाला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते, अपक्ष उमेदवाराला दिलेल्या देणगीवर नाही, हे देणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगा.

घोटाळा कुठे होतो? चहा-वडापावात. जिल्हा निवडणूक अधिकारी मंडप, खुर्ची, जेवण, चहा, गाडी यांचे दर जाहीर करतात आणि निरीक्षकांची माणसं सभेचं चित्रीकरण करून त्या दरांनी तुमचा खर्च आपल्या नोंदवहीत मांडतात. तुम्ही दोनशे खुर्च्या लिहिल्या आणि चित्रीकरणात साडेतीनशे दिसल्या तर फरकाची नोटीस येते. प्रचाराच्या काळात नोंदवही किमान तीनदा तपासणीला न्यावी लागते. हिशेबनिसाने रोज रात्री दहाला वही बंद केलीच पाहिजे. "उद्या एकदम लिहू" म्हटलं की तिसऱ्या दिवशी डिझेलच्या पावत्या सापडत नाहीत. उमेदवार किंवा कार्यकर्त्यांच्या गाडीत पन्नास हजारांपेक्षा जास्त रोख ठेवायची नाही, भरारी पथक जप्त करतं.

नातेवाइकांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तो येणारच. मेहुणा, पुतण्या, साडू यांना पैशाजवळ आणि दाराजवळ ठेवू नका. दारात नातेवाईक उभा असला की गावाला वाटतं डॉक्टर आताच हाताबाहेर गेले. जेवणाची व्यवस्था, गाड्या, राहण्याची सोय, आजोळच्या गावातल्या भेटी ही कामं त्यांना द्या, ती ते जिवापाड करतात.

प्रचारप्रमुख या सगळ्यांनंतर. त्याचं काम बूथची माणसं उभी करणं. ३४८ केंद्रांसाठी साधारण तीस केंद्रांमागे एक असे बारा विभागप्रमुख पुरतात. हे बारा जण ठरवण्यात एक महिना गेला तरी चालेल. प्रत्येकाला मतदार यादीचे त्याचे भाग हातात द्या आणि पंधरा दिवसांनी विचारा: किती केंद्रांवर माणूस मिळाला, त्याचं नाव काय, यादीतला अनुक्रमांक काय? "आपलीच सगळी माणसं आहेत" असं उत्तर आलं तर तिथे कुणी नाही असं समजा. नव्या उमेदवाराला सगळीकडे पाच-पाच माणसं मिळत नाहीत. डॉक्टरांचं नाव घराघरात माहीत आहे अशी शंभर-सव्वाशे केंद्रं निवडा, तिथे पाच माणसं लावा, घरटी दोनदा जा. उरलेल्या ठिकाणी मतदानाच्या दिवशी बसणारा एक प्रामाणिक माणूस मिळाला तरी पुष्कळ.

"दोन गाड्या आणि डिझेल द्या, आमच्या पट्ट्यातली चार हजार मतं आणून देतो" असं म्हणणारी माणसं पहिल्या आठवड्यातच येतील. तीच माणसं आणखी दोन उमेदवारांकडे त्याच मतांचा सौदा करत असतात. डायरीवाल्याने त्यांना चहा पाजून वाटेला लावावं.

पगारी माणसं मोजून ठेवा: हिशेबनीस, यादीवर काम करणारे दोघे (एक मराठी टायपिंग येणारा हवाच), परवानग्या आणि गाड्यांचे परवाने काढणारा एक, चालक, ध्वनिक्षेपकवाला, आणि छाननीपर्यंत वकील. बाकी सगळी माणसं बिनपगारी. गावातल्या एका कार्यकर्त्याला रोज पाचशे दिले की ती बातमी संध्याकाळपर्यंत पुढच्या गावात पोचते, आणि उद्या फुकट येणारा कुणी राहत नाही. महिला संपर्काची जबाबदारी मात्र नावापुरती ठेवू नका. बचत गटांच्या बैठका दुपारी दोन ते चार होतात आणि तिथे पुरुष कार्यकर्ता चालत नाही. निदान सहा बायका स्वतःच्या वेळापत्रकाने फिरणाऱ्या हव्यात, त्यांना वेगळी गाडी आणि विश्वासाचा चालक द्या.

भाषणाची भीती सगळ्यात सोपी. डॉक्टरांना भाषण देऊ नका, प्रश्न विचारू द्या. पारावर वीस माणसं, दहा मिनिटं त्यांचं ऐकायचं, पाच मिनिटं उत्तर द्यायचं. हे ते रोज दवाखान्यात करतातच.

अर्जाच्या बाबतीत वकिलाने आधीच पाहायच्या गोष्टी. उमेदवार महाराष्ट्रातला कुठलाही मतदार असला तरी चालतो, पण यादीतलं नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर प्रमाणित उतारा जोडावा लागतो. अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारे, लागतात आणि ते याच मतदारसंघातले मतदार असले पाहिजेत. सूचकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीवरून लिहा, जुन्या यादीवरून लिहिल्यामुळे अर्ज अडकतात. चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच भरावी लागते, सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. दोन अर्ज वेगवेगळ्या सूचकांसह भरा, म्हणजे एकातल्या सूचकाचं काही निघालं तर दुसरा टिकतो. प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा ठेवू नका, "नाही", "निरंक", "लागू नाही" असं लिहा. अधिकाऱ्याने आठवण देऊनही रकाना कोरा राहिला तर अर्ज बाद होऊ शकतो. आणि शपथ. अर्ज दिल्यावर, छाननीच्या दिवसाच्या आधी, अधिकाऱ्यासमोर शपथ घ्यावी लागते. मिरवणुकीच्या गडबडीत नेमकी हीच राहते. अर्ज देताना दालनात उमेदवारासह पाच जणच जाऊ शकतात, त्यांत वकील आणि निवडणूक प्रतिनिधी हवेतच. हार घालणारे बाहेर.

मुक्त चिन्हांमधून तीन पसंती द्यायच्या असतात. चित्र म्हणून एका झटक्यात ओळखू येणारं आणि आजीला एका शब्दात सांगता येणारं चिन्ह निवडा. मतदान यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांची नावं आधी, मग नोंदणीकृत पक्षांची आणि शेवटी अपक्षांची. म्हणजे डॉक्टरांचं नाव खाली असणार, उमेदवार पंधराच्या पुढे गेले तर (एक जागा "नोटा"ची असते) कदाचित दुसऱ्या यंत्रावर. "खालून तिसरं" असं सांगायचं की नाही, हे यादी हातात आल्यावरच ठरवा. पत्रकांची मजकुरासह फाइल छापखान्यात आधीच तयार ठेवा, चिन्हाची जागा मोकळी. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर गुन्हा दाखल होतो.

मतदान प्रतिनिधी हा नव्या टीमचा सगळ्यात कच्चा दुवा. ३४८ केंद्रांवर एक प्रतिनिधी आणि दोन बदली म्हणजे १,०४४ नेमणूकपत्रं, नमुना १०. प्रत्येकावर डॉक्टरांची किंवा निवडणूक प्रतिनिधीची सही लागते, आणि ती केंद्राध्यक्षाकडच्या नमुना सहीशी जुळायला हवी. तीन दिवस आधी रोज दोन तास सह्यांसाठी डायरीत काढून ठेवा. आदल्या रात्री दोन वाजता केलेल्या सह्या जुळत नाहीत.

प्रतिनिधीची पिशवी आदल्या संध्याकाळी सहाला हातात पडली पाहिजे. त्यात नमुना १०, मतदार ओळखपत्र, त्या केंद्राची यादी, दोन पेनं, पट्टी, कोरा कागद, पाण्याची बाटली, पोळी-भाजीचा डबा. मोबाइल आत चालत नाही. मतदान सातला सुरू होतं, पण अभिरूप मतदान त्याआधी दीड तास, म्हणजे साडेपाचला. तो सव्वापाचला दारात हवा. किमान पन्नास मतं टाकून यंत्र तपासतात, निकाल पुसतात आणि मग मोहोर लावतात. आपल्या माणसाने कंट्रोल युनिटचा (मतदान यंत्राचा अधिकाऱ्याकडे असणारा भाग) आणि हिरव्या कागदी मोहोरेचा क्रमांक कोऱ्या कागदावर उतरवायचा. संध्याकाळी "क्लोज" बटण दाबल्यावर दिसणारी एकूण मतं लिहायची आणि नमुना १७-सी ची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, सहीची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. बहुतेक नवे प्रतिनिधी संध्याकाळी साडेपाचला कंटाळून निघून जातात आणि ही प्रत राहते. मोजणीच्या दिवशी चौदा टेबलं असतील तर पंचवीस फेऱ्या होतात. प्रत्येक यंत्र समोर आलं की त्याचा क्रमांक आणि बेरीज तुमच्या १७-सी शी ताडून पाहायची. प्रतच नसेल तर मोजणी प्रतिनिधी नुसता खुर्चीवर बसलेला असतो.

"पडलो तर?" याचं उत्तर डॉक्टरांना आधीच द्या, आकड्यात. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर अनामत जाते. त्याशिवाय कुठलीही देणी मागे राहणार नाहीत, असं लेखी ठरवा: ठरलेली रक्कम जमेल तेवढाच खर्च, उधारीवर मंडप नाही, दवाखान्याची जागा गहाण नाही. हिशेबनिसाचा पगार निकालानंतर महिनाभर चालू ठेवा. निकालापासून तीस दिवसांत, म्हणजे २३ नोव्हेंबरचा निकाल असेल तर २३ डिसेंबरपर्यंत, सगळ्या पावत्यांसह हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जमा करावा लागतो, जिंकलेल्याला आणि पडलेल्यालाही. तो नीट दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवलं जाऊ शकतं. पावत्यांना क्रमांक, त्यावर डॉक्टरांची किंवा निवडणूक प्रतिनिधीची सही, बँकेच्या खात्याचा उतारा, आणि दिल्याची पोच दवाखान्याच्या कपाटात.